ऑपरेशननंतरचा आणि अचानक बिघडणारा पेशंट: वॉर्डमधल्या नर्सेसचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्जिकल वॉर्डात किंवा रिकव्हरीत नव्यानं ड्यूटी लागलेल्या नर्सेस जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं. सगळे आकडे प्रौढ पेशंटचे आहेत. लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया यांचे निकष वेगळे असतात, त्यांना हे आकडे लावू नका. तुमच्या हॉस्पिटलचा लेखी प्रोटोकॉल असेल तर आधी तो.

व्हायटल्स घेणं आणि पेशंटवर लक्ष ठेवणं यात फरक काय?

व्हायटल्स (पल्स, बीपी, श्वास, ताप वगैरे) चार्टवर लिहिले की काम संपलं असं वाटतं, पण खरं काम तिथून सुरू होतं. पल्स १०४ हा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. सकाळी ७६, दुपारी ८८ आणि आता १०४, ही चढण सांगते. म्हणून प्रत्येक आकडा याच पेशंटच्या आधीच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचायचा. बदल दिसला तर त्याचं कारण शोधायचं, आणि पुढच्या अर्ध्या तासात आपण काय करणार हे ठरवायचं. हे ठरवलं नाही तर चार्ट कितीही सुबक भरला तरी पेशंटला त्याचा उपयोग शून्य.

क्रिस्टीन टॅनर या नर्सिंगच्या प्राध्यापिकेनं २००६ साली नर्सच्या निर्णयप्रक्रियेचे चार टप्पे मांडले: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि केलेल्या कृतीचा परिणाम तपासणं. माझ्या मते वॉर्डात सगळ्यात जास्त चुकतं ते पहिल्याच टप्प्यावर. काय अपेक्षित आहे हेच माहीत नसेल तर काही वेगळं घडतंय हे लक्षात तरी कसं येणार? त्यामुळे हँडओव्हर घेताना प्रत्येक पेशंटबद्दल मनात एक प्रश्न विचारून ठेवा: याचं आज काय बिघडू शकतं? आतडं जोडलेला पेशंट पाचव्या दिवशी असेल तर जोड गळू शकतो. थायरॉइडचं ऑपरेशन आज झालं असेल तर गळ्यात रक्त साठू शकतं. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या आजी असतील तर पायात गुठळी किंवा डिलिरियम, म्हणजे अचानक येणारं गोंधळलेपण. उत्तर डोक्यात तयार असलं की नजर आपोआप तिकडे जाते.

बीपी चांगलं आहे, म्हणजे आतून ब्लीडिंग नाही असं धरायचं का?

नाही. सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

सत्तर किलोच्या माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं जवळजवळ ३० टक्के, म्हणजे सुमारे दीड लिटर जाईपर्यंत निरोगी माणसाचं वरचं बीपी टिकून राहू शकतं. रक्त कमी झालं की शरीर हृदयाचा वेग वाढवतं आणि हातापायांच्या, त्वचेच्या, किडनीच्या रक्तवाहिन्या आवळून रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवतं. ही भरपाई चालू असेपर्यंत वरचं बीपी ठीक दिसतं. ती संपली की ते एकदम कोसळतं, आणि तेव्हा हातात फार वेळ उरलेला नसतो. तरुण, धट्टाकट्टा पेशंट तर शेवटपर्यंत आकडे सांभाळून ठेवतो.

म्हणून पडलेलं बीपी शोधत बसण्यापेक्षा भरपाईच्या खुणा शोधायच्या. एक उदाहरण घेऊ. दुपारी ऑपरेशन झालेल्या पेशंटचं बीपी चार वाजता १२४/७८ आणि पल्स ८४. सहा वाजता बीपी ११६/९० आणि पल्स ११२. वरचा आकडा फक्त आठनं उतरला, त्यामुळे घाईत पाहणाऱ्याला काही वाटणार नाही. पण वरच्या आणि खालच्या आकड्यांमधलं अंतर ४६ वरून २६ वर आलंय. खालचा आकडा चढलाय, कारण रक्तवाहिन्या आवळल्या गेल्यात. पल्सला वरच्या बीपीनं भागलं तर उत्तर ०.९७ येतं. याला शॉक इंडेक्स म्हणतात. एरवी तो ०.५ ते ०.७ असतो, ०.९ च्या वर गेला की सावध व्हायचं. आता पेशंटला हात लावा. पावलं गार, गुडघ्यापर्यंत गार, नखावर पाच सेकंद दाब देऊन सोडलं तर रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त वेळ. कॅथेटरच्या पिशवीत तासाभरात जेमतेम १५ एमएल. हा पेशंट ब्लीड होतोय असंच धरून चाला.

पल्स वाढली तर "दुखत असेल" असं म्हणून सोडता येतं का?

एक अर्धा तास म्हणता येतं, त्याच्या पुढे नाही. दुखण्यानं पल्स वाढते तेव्हा बहुधा बीपीही चढतं. वेदनेचं औषध द्या, अर्ध्या तासानं परत मोजा. दुखणं उतरलं आणि पल्स तिथेच राहिली, तर आपलं स्पष्टीकरण चुकलं होतं. "घाबरलाय", "ताप आहे", "आत्ताच चालून आला" या स्पष्टीकरणांनाही हाच नियम. स्पष्टीकरण द्यायला हरकत नाही, ते तपासायला हवं.

उलट फसवणूकही होते. पेशंट बीटा-ब्लॉकरवर (हृदयाचा वेग कमी ठेवणारं औषध) असेल तर बरंच रक्त गेलं तरी पल्स फारशी वाढणार नाही. आणि ज्याचं नेहमीचं बीपी १६० असतं त्याचं ११० झालं तर चार्टवर ते नॉर्मल दिसतं, त्याच्या किडनीला मात्र ते नॉर्मल नसतं. ऑपरेशनपूर्वीचा कागद उघडून मूळ बीपी बघण्याची सवय लावून घ्या.

ड्रेनमध्ये काहीच येत नाही. चांगलंच आहे ना?

असेलही. किंवा ड्रेन (आत साठणारं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) गुठळीनं बंद झाला असेल, वाकला असेल, किंवा व्हॅक्यूम गेला असेल. दर तासाला ५० एमएल येणारा ड्रेन अचानक थांबला तर ती आनंदाची बातमी समजू नका. पोट फुगतंय का, घट्ट होतंय का ते बघा. ड्रेसिंगवर सोकेज असेल तर त्याच्या कडेनं पेननं रेघ मारून वेळ लिहा, पुढच्या वेळी पसरलंय की नाही ते नजरेनंच कळतं. आणि पेशंटला कुशीवर वळवून पाठीखालची चादर पाहायला विसरू नका. रक्त उताराकडे जातं.

ताज्या रक्तस्रावात हिमोग्लोबिनचा पहिला रिपोर्टही धीर देण्याच्या लायकीचा नसतो. रक्त जातं तेव्हा पेशी आणि पाणी दोन्ही एकाच प्रमाणात जातात. हिमोग्लोबिन उतरतं ते नंतर, सलाईन चढल्यावर किंवा शरीरानं बाहेरचं पाणी रक्तात ओढल्यावर.

श्वास खरंच पूर्ण मिनिटभर मोजायचा का? सगळे १८ लिहितात.

सगळे १८ लिहितात म्हणूनच मोजायचा. पेशंट बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा सगळ्यात आधी श्वास बदलतो, आणि मशीन न लावता अंदाजानं टाकला जाणारा आकडाही तोच. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते, आणि २० व २४ मध्ये बराच फरक आहे. मनगट पल्ससाठी धरल्यासारखं धरून ठेवा आणि छातीकडे बघा. पेशंटला कळलं की तो श्वास बदलतो.

श्वास वाढण्याचं कारण फुप्फुसातच असेल असं नाही. सेप्सिस (इन्फेक्शनमुळे अवयव बिघडणं), रक्तस्राव, किडनी बंद पडणं, डायबेटिक किटोअॅसिडोसिस (डायबेटिसमध्ये इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साठणं) या सगळ्यांत रक्तातलं आम्ल वाढतं आणि ते बाहेर टाकायला शरीर जोरजोरात श्वास घेतं. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९८ आणि श्वास २६ असा पेशंट "सॅच्युरेशन तर छान आहे" म्हणून मागे ठेवू नका. ते ९८ राखण्यासाठी तो किती मेहनत करतोय ते बघा.

मॉर्फिन दिलेला पेशंट शांत झोपलाय, सॅच्युरेशन ९७ आहे. झोपू द्यावं ना?

आधी बघा ऑक्सिजन चालू आहे का. पल्स ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन सांगतो, श्वास पुरेसा चालू आहे की नाही ते सांगत नाही. ऑक्सिजन लावलेल्या पेशंटचा श्वास मिनिटाला सहावर आला तरी बराच वेळ सॅच्युरेशन टिकतं आणि दरम्यान कार्बन डायऑक्साइड साठत जातो. सॅच्युरेशन पडेल तेव्हा उशीर झालेला असतो. कॅप्नोग्राफी (बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारं मशीन) उपलब्ध असेल तर अशा पेशंटला ती लावावी, नसेल तर आपले डोळे.

ओपिऑइडमुळे, म्हणजे मॉर्फिनच्या गटातल्या औषधांमुळे, श्वास मंदावण्याआधी बहुधा गुंगी वाढते. म्हणून गुंगी हीच पहिली घंटा. पेशंटला हाक मारा. डोळे उघडून बोलला आणि परत झोपला तर ठीक. वाक्य बोलता बोलताच पापण्या मिटल्या तर पुढचा डोस थांबवा, श्वास मोजा, डॉक्टरांना कळवा आणि त्याला एकटं सोडू नका. हलवूनही जागा होत नसेल तर तो आणीबाणीचा कॉल आहे. घोरण्याला गाढ झोप समजू नका, घोरणं म्हणजे श्वासाची वाट अर्धी बंद.

पहिले चोवीस तास सगळ्यात धोक्याचे. स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडण्याचा आजार), लठ्ठपणा, जास्त वय, किडनीचा आजार, सोबत झोपेची गोळी किंवा गॅबापेंटिनसारखं औषध: यांतलं काहीही असेल तर जास्त वेळा बघा. पीसीए पंप (पेशंटनं बटण दाबून स्वतः वेदनेचं औषध घेण्याचा पंप) असेल तर बटण फक्त पेशंटनंच दाबायचं, हे नातेवाइकांना स्पष्ट सांगा. "बाबांना दुखत असेल" म्हणून प्रेमानं दाबलेलं बटण त्या पंपाची सगळी सुरक्षाच मोडून काढतं, कारण गुंगी आलेला पेशंट स्वतः बटण दाबू शकत नाही यावरच ती उभी आहे.

नॅलोक्सोन (ओपिऑइडचा असर उतरवणारं औषध) दिल्यावर पेशंट टक्क जागा होतो आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण त्याचा असर साधारण ३० ते ९० मिनिटं टिकतो, मॉर्फिनचा त्याहून जास्त. पेशंट परत गुंगीत जाऊ शकतो, तेव्हा पुढचे काही तास लक्ष जवळच हवं.

सॅच्युरेशनच्या आकड्यावर कितपत विसंबायचं?

बोट गार असेल, नेलपॉलिश असेल, पेशंट थरथरत असेल, बीपी पडलेलं असेल तर आकडा फसवा. मॉनिटरवरची लाट स्वच्छ दिसत नसेल तर तो आकडा लिहूच नका, प्रोब दुसऱ्या बोटाला किंवा कानाच्या पाळीला लावून बघा. सावळ्या-काळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ऑक्सिमीटरला न दिसलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्या पेशंटपेक्षा जवळपास तिप्पट वेळा आढळली. पेशंट दमलेला दिसतोय आणि आकडा ९३ आहे, तर पेशंटवर विश्वास ठेवा आणि एबीजी (धमनीतल्या रक्ताची ऑक्सिजन-आम्लाची तपासणी) पाठवण्याबद्दल विचारा.

अर्ली वॉर्निंग स्कोअर असताना वेगळा विचार कशाला करायचा?

स्कोअर हवाच. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ साली नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर आणला आणि २०१७ साली त्याची सुधारित आवृत्ती, न्यूज-२. त्यात श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावलाय की नाही, वरचं बीपी, पल्स, शुद्ध आणि ताप यांना गुण असतात. बेरीज ५ झाली की तातडीनं डॉक्टर, ७ झाली की आणीबाणी, आणि एकाच घटकाला ३ गुण पडले तरी दर तासाला ऑब्झर्वेशन आणि डॉक्टरांना कळवणं. सुधारित आवृत्तीत नव्यानं आलेल्या गोंधळलेपणाला थेट ३ गुण दिले, हा बदल फार मोलाचा आहे. सीओपीडीच्या (फुप्फुसांचा जुनाट आजार) काही पेशंटसाठी सॅच्युरेशनची ८८ ते ९२ ही वेगळी पट्टी आहे, पण ती वापरायची की नाही हे डॉक्टर ठरवतात, आपण अंदाजानं लावायची नाही.

आता वरचाच ब्लीड होणारा पेशंट घ्या. पल्स ११२ चे २ गुण, श्वास २२ आहे असं धरलं तर त्याचे २, बीपी ११६ चा शून्य, सॅच्युरेशन आणि ताप ठीक. एकूण ४. म्हणजे स्कोअर म्हणतो पाचच्या आत आहे. स्कोअरला गार गुडघे दिसत नाहीत, १५ एमएल युरिन दिसत नाही, दोन आकड्यांतलं कमी होत जाणारं अंतर दिसत नाही. स्कोअर ही किमान पातळी आहे. त्यानं कॉल करा म्हटलं तर करायचाच, नाही म्हटलं म्हणून गप्प बसायचं नाही.

आकडे ठीक आहेत, पण पेशंट मला बरा वाटत नाही. एवढ्यावर कॉल करू?

करा. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी नर्सेसच्या नुसत्या "मला काळजी वाटते" या वाक्यामागे काय असतं ते शोधलं आणि त्यातून नऊ खुणांची डेनविस नावाची यादी तयार झाली. श्वासातला बदल, रक्ताभिसरणातला बदल, थंडी वाजून थरथरणं, शुद्धीतला बदल, बेचैनी, वेदना, अपेक्षेपेक्षा वेगळी वाटचाल, "मला बरं वाटत नाहीये" असं पेशंटनं स्वतः म्हणणं, आणि शेवटची, नर्सला शब्दांत न सांगता येणारी शंका. म्हणजे ही शंका हवेतून येत नाही, डोळ्यांनी टिपलेलं आधी असतं, शब्द मागून येतात.

फक्त फोन करण्याआधी दोन मिनिटं पेशंटजवळ उभं राहून ते शब्द शोधा. "बरा वाटत नाही" पेक्षा "सकाळी पेपर वाचत होता, आता पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करून पडलाय, कपाळाला घाम आहे" हे फोनवर जास्त काम करतं.

किती वेळानं बघायचं? ऑर्डरमध्ये तर "क्यू फोर एच" लिहिलंय.

क्यू फोर एच म्हणजे दर चार तासांनी. पण ऑर्डर ही कमीत कमी मर्यादा असते. शंका आली की अंतर कमी करायला कुणाची परवानगी लागत नाही. चार-चार तासांनी घेतलेल्या नोंदींच्या मधल्या काळात काय घडतं हे क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवलं. ऑपरेशननंतरच्या ८३३ पेशंटचं सॅच्युरेशन सतत नोंदवलं गेलं, पण ते नर्सेसना दिसत नव्हतं. तासभर किंवा जास्त वेळ सॅच्युरेशन ९० च्या खाली राहिल्याच्या घटनांपैकी ९० टक्के नर्सेसच्या नोंदीत आल्याच नाहीत. यात दोष कुणाच्या हलगर्जीपणाचा नव्हता. आपण जातो, पेशंटला उठवतो, तो दोन खोल श्वास घेतो, आकडा सुधारतो आणि आपण तो सुधारलेला आकडा लिहितो. त्यामुळे झोपलेल्या पेशंटचा श्वास आणि सॅच्युरेशन आधी बघा, मग हाक मारा.

लघवी कमी होतेय. लॅसिक्ससाठी (लघवी वाढवणारं औषध) विचारू?

आधी नळी बघा: वाकली आहे का, पेशंटच्या मांडीखाली दबली आहे का, ब्लॅडर भरलेलं लागतं का. नळी मोकळी असेल तर हिशेब दर किलोला दर तासाला अर्धा एमएल, म्हणजे साठ किलोच्या पेशंटला ३० एमएल. सलग दोन तास त्याखाली गेलं तर कळवा. ऑपरेशनच्या ताणामुळे शरीर स्वतःहूनही पाणी धरून ठेवतं, त्यामुळे पल्स, बीपी, हातापायांची ऊब चांगली असताना फक्त लघवी थोडी कमी असेल तर घबराट नको. बाकी खुणाही बिघडलेल्या असतील तर तिथे पाणी किंवा रक्त कमी पडतंय, आणि लॅसिक्सनं चार्टवरचा आकडा तेवढा सुधारेल.

ताप आला की इन्फेक्शन समजायचं का?

पहिल्या ४८ तासांतला हलका ताप बहुतेक वेळा ऑपरेशनच्या इजेला शरीरानं दिलेली प्रतिक्रिया असते. जखमेचं इन्फेक्शन किंवा आतड्याची गळती साधारण पाचव्या दिवसाच्या आसपास डोकं वर काढते. अपवाद आहेत. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच जखमेभोवती असह्य वेदना, झपाट्यानं पसरणारा काळपटपणा किंवा त्वचेखाली कुरकुर जाणवली तर ते मांस कुजवणारं इन्फेक्शन असू शकतं, त्यात तास मोजले जातात. रक्त चढवताना ताप आला तर आधी ट्रान्सफ्युजन थांबवा.

वयस्कर किंवा स्टिरॉइडवरच्या पेशंटला सेप्सिसमध्येही ताप येईलच असं नाही. ३६ अंश सेल्सिअसच्या खाली गेलेलं तापमान ३९ पेक्षा कमी काळजीचं नसतं. आतड्याची गळती अनेकदा तापाऐवजी वाढलेली पल्स, वाढलेला श्वास, फुगलेलं पोट किंवा नव्यानं सुरू झालेले हृदयाचे अनियमित ठोके घेऊन येते. सेप्टिक शॉकची शंका असेल तर अँटिबायोटिक तासाभराच्या आत जायला हवं, आणि त्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधण्याचं सॅम्पल) घ्यायचं, पण त्यासाठी औषध अडवून ठेवायचं नाही.

आजोबा ऑपरेशननंतर एकदम शांत झालेत. त्रास देत नाहीत. मग?

तेच तर बघायला हवं. नळ्या ओढणारा, आरडाओरडा करणारा डिलिरियम सगळ्यांना दिसतो. गप्प पडून राहणारा, जेवणाकडे न बघणारा, उत्तर द्यायला वेळ लावणारा डिलिरियम निसटतो. महिने उलटे म्हणायला सांगा, इथे कशासाठी आलात ते विचारा, आणि घरच्यांना विचारा की हे नेहमी असेच असतात का. डिलिरियम दिसला की सॅच्युरेशन, साखर, लघवी अडकली आहे का, इन्फेक्शन, वेदना, नवी औषधं, सोडियम हे सगळं तपासायचं. "वय झालंय" हे निदान नाही.

दुखण्याची तक्रार कधी गंभीर समजायची?

ऑपरेशनच्या मानानं जास्त असेल आणि औषधाला दाद देत नसेल तेव्हा. प्लास्टरमधला किंवा ऑपरेशन झालेला पाय दुखतोय, बोटं हळूच ताणली तर पेशंट किंचाळतो: कम्पार्टमेंट सिंड्रोमची (स्नायूंच्या आवरणात दाब वाढून रक्तपुरवठा अडणं) शंका घ्यायला एवढं पुरे. पायाची पल्स लागते म्हणून निश्चिंत होऊ नका, ती फार उशिरा जाते.

एपिड्युरल (पाठीच्या कण्याजवळ नळीतून दिलं जाणारं बधिर करण्याचं औषध) चालू असलेल्या पेशंटचं याच्या उलट: न दुखता पाय जड होत चालला तर सावध. बधिरपणा स्थिर राहायला हवा किंवा उतरायला हवा, वाढायला नको. मणक्यात रक्त साठलं असेल तर साधारण ८ तासांच्या आत दाब मोकळा केल्यास पायांची ताकद परतण्याची शक्यता बरीच जास्त असते, म्हणून सकाळच्या राउंडची वाट बघणं परवडत नाही. आणि ऑपरेशननंतरच्या हृदयाच्या इजेत बहुतेकांच्या छातीत दुखत नाही, कारण वेदनेची औषधं चालूच असतात.

थायरॉइडच्या पेशंटजवळ नेमकं काय बघायचं?

गिळायला त्रास, गळ्याभोवतीची सूज किंवा घट्टपणा, अस्वस्थता, वाढता श्वास. घशातून येणारा शिट्टीसारखा आवाज ही उशिराची खूण, तिची वाट बघायची नाही. ड्रेसिंग कोरडं असलं तरी आत रक्त साठू शकतं. साठलेल्या रक्तानं शिरा दाबल्या जाऊन घशाच्या आतल्या बाजूला सूज येते आणि श्वासनलिका बंद होत जाते. अशा वेळी बेडजवळच टाके उघडून रक्त मोकळं करावं लागतं, म्हणून त्यासाठीचं सामान पेशंटच्या उशाशी असायला हवं आणि ते कुठे ठेवलंय हे प्रत्येक ड्यूटीला माहीत हवं. पेशंटला बसतं करा, ऑक्सिजन लावा, सर्जन आणि अॅनेस्थेटिस्ट दोघांनाही बोलवा, आणि त्याच्याजवळून हलू नका.

डॉक्टरांना फोनवर कसं सांगायचं?

एसबीएआर बहुतेकांना पाठ असतं: परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, माझी मागणी. पाठ असूनही शेवटचे दोन भाग गाळले जातात. नुसते आकडे सांगून अर्थ डॉक्टरांवर सोडला तर रात्री तीन वाजता "ठीक आहे, बघत राहा" हे उत्तर येणारच. तो फोन असा हवा:

"सर, सर्जिकल वॉर्डमधून सिस्टर बोलतेय. बेड चौदा, आज दुपारी आतड्याचं ऑपरेशन झालंय. मला वाटतंय आतून ब्लीडिंग होतंय. दोन तासांत पल्स ८४ वरून ११२ झालीय. बीपी ११६ बाय ९०, आधी १२४ बाय ७८ होतं. श्वास २२, पाय गुडघ्यापर्यंत गार, तासात युरिन १५ एमएल. पेनकिलर दिलं, दुखणं उतरलं, पल्स उतरली नाही. तुम्ही आत्ता येऊन बघा. तोवर मी दुसरी मोठी कॅन्युला घालते, आपल्या प्रोटोकॉलप्रमाणे हिमोग्लोबिन आणि क्रॉसमॅचचं सॅम्पल पाठवते आणि दर दहा मिनिटांनी बीपी घेते. अजून काही?"

मिनिटभराचा फोन. "आत्ता येऊन बघा" हे शब्द उद्धट नाहीत.

डॉक्टर म्हणाले "सकाळी बघू". आता?

विचारा: "कोणता आकडा कुठे गेला तर परत कॉल करू?" या प्रश्नानं बऱ्याचदा समोरचा नीट जागा होतो. तरीही समाधान झालं नाही तर सांगून टाका की मला हे सुरक्षित वाटत नाही, मी सीनियरना कळवतेय. मग इन्चार्ज सिस्टर, सीनियर रेसिडेंट, कन्सल्टंट. रॅपिड रिस्पॉन्स टीम (बिघडणाऱ्या पेशंटकडे तातडीनं येणारी टीम) असेल तर थेट तिला बोलवा. सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलमध्ये १९९० साली अशी पहिली टीम सुरू झाली तीच या विचारानं, की पेशंटजवळच्या नर्सला चढत्या शिडीची एकेक पायरी न चढता मदत मिळावी. कुणी रागावलं तर रागावू दे. वॉर्डात असा स्वभाव बनवायला वेळ लागतो हे मान्य, पण "कशाला फोन केलास" असं विचारणाऱ्या माणसामुळे पुढचा फोन उशिरा जातो, हे त्या माणसाला सांगायची जबाबदारी सीनियर नर्सेसची आहे.

मॉनिटर सारखा वाजतो. आवाज बंद करून ठेवला तर?

बंद करू नका, मर्यादा बदलून घ्या. कायम एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे अनियमित ठोके) असलेल्या पेशंटला सगळ्यांचीच मर्यादा लावली की अलार्म दिवसभर वाजतो आणि तिसऱ्या तासाला कुणाच्या कानातही शिरत नाही. इलेक्ट्रोड रोज बदला, सुकलेल्या जेलमुळे फालतू अलार्म वाजतात. आणि अलार्म वाजला की आधी पेशंटकडे बघा, मग स्क्रीनकडे.

पेशंट खूप आणि मी एकटी. कुणाकडे आधी जाऊ?

जो बदलतोय त्याच्याकडे. बरेच दिवस आजारी पण स्थिर असलेल्या पेशंटपेक्षा, सकाळी चांगला असून आता बिघडत असलेला आधी. त्यानंतर आजच ऑपरेशन झालेले, आयसीयूतून आज बाहेर आलेले, आणि ज्यांना नुकतंच ओपिऑइड दिलंय ते. ड्यूटीच्या सुरुवातीला औषधांची ट्रॉली काढण्याआधी एक फेरी नुसत्या नजरेनं मारा, प्रत्येकाला एक वाक्य बोलतं करा. पूर्ण वाक्य बोलता येतंय, अर्थाचं बोलतोय, हात ऊबदार आहे: श्वास, मेंदू आणि रक्ताभिसरण तिन्हींचा अंदाज त्या अर्ध्या मिनिटात येतो.

आणि हो, संख्येचा प्रश्न खराच आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली पेन्सिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास मांडला. प्रत्येक नर्समागे एक सर्जिकल पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली त्यात दिसली. वरिष्ठांकडे मनुष्यबळ मागताना हा आकडा उपयोगी पडतो.

नातेवाईक सारखे म्हणतात "हे असे नसतात". त्यांचं किती मनावर घ्यायचं?

बरंच. पेशंट एरवी कसा असतो हे आपल्याला माहीत नसतं, त्यांना असतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये रायन्स रूल आणि इंग्लंडमध्ये २०२४ पासून मार्थाज रूल याच कारणानं आले: घरच्यांना काळजी वाटली तर त्यांना वेगळ्या टीमकडून तपासणी मागता येते. तुमच्याकडे असा नियम नसला तरी "नेमकं काय वेगळं वाटतंय?" असं विचारून परत एकदा पूर्ण व्हायटल्स घ्यायला कुणी अडवत नाही.

नोट्समध्ये काय लिहू?

वेळ, काय पाहिलं, काय वाटलं, कुणाला किती वाजता कळवलं, त्यांनी नेमकं काय सांगितलं, मी काय केलं आणि त्यानंतर पेशंट कसा होता. "डॉक्टरांना कळवलं" एवढ्यावर थांबू नका. "पेशंट कम्फर्टेबल" हे वाक्य तर शक्यतो टाळाच. त्याऐवजी "बसून चहा घेतला, दुखणं दहापैकी तीन, श्वास १६" लिहिलं तर पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला तुलना करायला काहीतरी मिळतं.